डागाला हात लावू नका

दिवाळीचे कंदील उतरले, की आमच्या सोसायटीला रंगाची आठवण होते. यंदा इमारतीला परांची बांधली आहे. बांबूंवर बसलेले रंगारी तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघरात बघतात, मी त्यांच्या डब्यांत बघते, आणि दोघांनाही एकमेकांचं काम फारसं पसंत पडत नाही. सेक्रेटरींनी खाली फलकावर रंगांचे चार तुकडे लावून मतं मागवली होती. बहुमतानं जो रंग ठरला तो कुणालाच आवडलेला नाही. म्हणजे सगळं रीतसर पार पडलं.

मी वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत राहते, पण ओल्या रंगाचा वास आला की मनानं रूळ ओलांडून पश्चिमेला जाते, गासला, माहेरच्या वाडीत. पावसाळाभर भिंतींनी प्यायलेलं पाणी दसऱ्यानंतर सुकायला लागे. मग शेवाळ खरवडायचं, पिंपात चुना भिजत घालायचा, त्यात निळीची पुडी सोडायची. आम्हा हिंदूंची घरं दिवाळीआधी रंगायची आणि ख्रिस्ती लोकांची नाताळाआधी. त्यामुळे गावात कुठे ना कुठे दोन महिने चुना लागतच असायचा. थंडीला चुन्याचा वास असतो, अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती.

त्याच दिवसांत आमच्या अंगणात सुकेळी घातलेली असत. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात ओळीनं ठेवायची, संध्याकाळी गोळा करायची, सकाळी परत मांडायची. रोज ती थोडी बारीक होत, थोडी काळपट होत, आणि गोड होत जात. पाहुणे त्यांचा रंग बघून नाक मुरडत आणि चव घेतली की दुसरं मागत. आई म्हणायची, दिसण्यावरून परत पाठवायचं असतं तर मी तुझ्या वडिलांनाच परत पाठवलं असतं. अण्णा हे ऐकून खूश होत. वाडीत राबणाऱ्या माणसाला असली थट्टा कौतुकासारखी लागते.

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचं आहे ते सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचं. मला मुंबईला नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता आणि जानेवारीत रुजू व्हायचं होतं. सोबत आणायच्या वस्तूंची यादी आली होती. पांढरे बूट, कात्री, दोन पेनं, आणि शेवटी ‘सेकंदकाटा असलेले मनगटी घड्याळ’. नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो. अण्णांनी ती ओळ तीनदा वाचली. सरकारी कारखान्याच्या घड्याळासाठी नंबर लावावा लागे आणि नंबर कधी येईल ते कुणी सांगत नसे. मुंबईत फुटपाथवर परदेशी म्हणून जे मिळे त्यावर अण्णांचा काडीचा विश्वास नव्हता. फसवलं जाण्याची त्यांना इतकी धास्ती, की केळीच्या मुनव्यांची रोपंसुद्धा ते चार जणांना दाखवून मग लावत.

तेव्हा फिलूमावशी मदतीला आली. ती पाचूबंदरची, ख्रिस्ती कोळीण. आठवड्यातून एकदा सुके बोंबील घेऊन आमच्याकडे यायची आणि केळी घेऊन जायची. माझ्या जन्माआधीपासूनचा हा रिवाज. तिचा नवरा पास्कू मालवाहू बोटीवर नोकरीला होता. एका खेपेला परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून त्यानं एक घड्याळ आणलं. स्विस, असं तो सांगे. बंदरावरचे लोक मात्र सांगत, की पास्कूला तिकडे कुणीतरी गंडवलं, नकली माल गळ्यात मारला. ही थट्टा त्याच्या हयातीत चालली आणि तो तापानं गेल्यावरही थांबली नाही. फिलूमावशीनं घड्याळ घरातल्या क्रूसाखाली ठेवलं होतं. रोज सकाळी प्रार्थना झाली की ती त्याला चावी द्यायची.

“अंतोनला नको,” ती आईला म्हणाली. अंतोन तिचा एकुलता मुलगा, मुंबईत नुकताच एका वर्कशॉपात लागला होता. “त्याला तो लाल आकडं पेटनारा पायजे. मंग हिला घेऊ दे. कामाला तरी येल.”

पण तिची एक अट होती.

“आदी बघून घ्या, खरा हाय का खोटा. खोटा असंल तर घेऊ नको, पोरी. पन माला सांग. पंदरा वर्सं ऐकतंय मी. येकदा काय तो निकाल लागू दे.”

ती हे हसत म्हणाली. पण माझ्या हातावर तिनं हात ठेवला होता आणि तो बराच वेळ काढला नाही.

पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात हरीकाका बसायचे. एका शिंप्याच्या ओट्यावर त्यांची काचेची पेटी, मागे भिंतीवर वेगवेगळी वेळ दाखवणारी सात घड्याळं, आणि डोळ्याला कायमचं बसलेलं भिंग. ते न काढता ते गिऱ्हाइकाकडे बघत, त्यामुळे सांगताना माणूस आपोआप खरं बोले. मी आणि फिलूमावशी दोघी त्यांच्यासमोर बसलो. मावशीनं रुमालाची गाठ सोडली. लहानसं, पातळ घड्याळ. पट्ट्याच्या जागी सोन्याचं पाणी दिलेली नाजूक चेन. चेहरा कधीकाळी पांढरा असेल, आता सायीसारखा झालेला. सहाच्या जागी सेकंदाचं वेगळं छोटं वर्तुळ आणि त्यात टाचणीएवढा काटा. चार आणि पाच यांच्यामध्ये चहाच्या रंगाचा, मोहरीएवढा एक डाग.

मी विचारलं, “आधी मागचं झाकण उघडून मशीन बघायचं ना?”

“आधी डायल,” हरीकाका म्हणाले. “मशीन बदलून मिळतं. डायल मिळत नाही. आणि लोक फसतात ते डायलवर.”

त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं. असं लावायचं म्हणजे भुवई आणि गाल यांच्यात चिमटीत धरल्यासारखं, हात न लावता. मला ते जमेपर्यंत फिलूमावशीनं दोनदा तोंडाला पदर लावला. मग हरीकाकांनी घड्याळ उन्हात तिरपं धरलं आणि एकेक दाखवत गेले. छापलेली अक्षरं रंगावर उभी राहतात, त्यांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या दिसतात. हातानं पुन्हा रंगवलेल्या डायलवर तीच अक्षरं जाड होतात, पाय पसरून बसल्यासारखी दिसतात. सहाच्या खाली, अगदी काचेच्या कडेला, देशाचं नाव असतं, इतकं बारीक की रंगवणारा ते बहुधा गाळूनच टाकतो. सेकंदाचं वर्तुळ किंचित खोल असतं आणि त्यात ग्रामोफोनच्या तबकडीसारखी वळसे घेत गेलेली कोरीव रेघ असते. नवा रंग बसला की ती बुजते. हे सगळं मला दिसलं. पहिल्यांदा भिंगातून बघताना आपण एखाद्याच्या घरात न विचारता शिरलोय असं वाटतं.

“आणि हा डाग?” मी विचारलं. मला तो खटकला होता. मावशी मात्र चेनीकडेच बघत होती.

“तो तर साक्षीदार आहे. कुणी ही डायल रंगवली असती तर पहिल्यांदा काय घालवलं असतं? हाच डाग. तो आहे, म्हणजे कारखान्यातून निघाल्यावर हिला कुणाचा हात लागलेला नाही.” मग त्यांनी झाकण उघडून आतलं सतरा ज्वेलचं, म्हणजे सतरा बारीक माणकांवर फिरणारं मशीन आणि त्यावर कोरलेलं नाव दाखवलं, आणि मावशीकडे वळून म्हणाले, “खरं आहे हो, फिलूबाई. तुमच्या नवऱ्याला कुणी फसवलं नाही.”

फिलूमावशीनं मान वळवली. बाजारात समोर एक बाई मडकी वाजवून बघत होती, तिकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, “ह्ये बंदरावर येऊन सांगशील?”

हरीकाका ओटा सोडून कुठे जात नसत. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “ही सांगेल. शिकलेली आहे. माझं जास्तीचं भिंग देतो तिच्याजवळ, ज्याला बघायचंय त्याला बघू दे.”

ठरलं असं, की नाताळाच्या आधी पास्कूच्या वर्षाची मिसा, म्हणजे चर्चमधली त्याच्या नावाची प्रार्थना असते, तोवर घड्याळ क्रूसाखालीच राहू द्यायचं. त्या दिवशी शेजारीपाजारी घरी येतात. तेव्हा सगळ्यांसमोर मी ते तपासायचं, निकाल सांगायचा आणि घेऊन जायचं. निघताना हरीकाकांनी मावशीला बजावलं, “तोवर फक्त एक करा. डागाला हात लावू नका. डागावरच सगळं आहे.”

मावशीनं मान हलवली आणि घड्याळ रुमालात बांधलं.

पुढचे काही आठवडे ते भिंग माझ्याजवळ होतं आणि मी घरात कुणाला सुखानं राहू दिलं नाही. सुकेळ्यांवर बसलेली मधमाशी, वर्तमानपत्रातल्या फोटोंतले ठिपके, आईच्या बांगडीवरचा झिजलेला वेल, अण्णांच्या तळव्यावरच्या भेगा, सगळं मी बघितलं. जवळून बघितलं की कुठलीच गोष्ट स्वच्छ नसते. त्या वयात मला हा मोठा शोध वाटला होता आणि मी तो येईल त्याला ऐकवत होते. आई म्हणाली, मग केर काढताना पण ते भिंग लाव.

आता माझा भाचा जुनी घड्याळं गोळा करतो. त्याच्या पिढीला नवी घड्याळं वेळ दाखवतात म्हणून आवडत नाहीत. फोनवर फोटो येतात आणि खाली प्रश्न, ‘आत्या, डायल ओरिजिनल वाटतेय का?’ मी फोटो बोटांनी ताणून मोठा करते. बहुतेक वेळा डायल इतकी ताजी असते, की साठ वर्षांच्या माणसाच्या तोंडात बत्तिशी चमकावी तशी दिसते. मी लिहिते, ‘नको घेऊस.’ तो विचारतो, ‘कशावरून?’ मी लिहिते, ‘एकही डाग नाही.’ जगभरचे शौकीन म्हणे आपल्याकडे रंगवलेल्या डायलींना हसतात, लांबूनच ओळखतात. हसोत बापडे. ज्यांनी त्या रंगवून घेतल्या त्यांना कुणाला फसवायचं नव्हतं. सणाला घर रंगवायचं, लग्नाआधी भांड्यांना कल्हई करायची, देवाची मूर्ती उजळून घ्यायची, ही ज्यांची रीत, त्यांनी वडिलांच्या घड्याळाचा काळवंडलेला चेहरा तसाच का ठेवावा?

मिसेच्या दिवशी मी आणि अण्णा पाचूबंदरला गेलो. अण्णांच्या हातात केळीच्या सोपट्यात बांधलेली सुकेळ्यांची दोन बंडलं होती. वाळूत बांबूच्या चौकटींवर बोंबील टांगलेले आणि त्यांच्यामागे मावशीचं घर, नव्यानं दिलेल्या निळ्या रंगात. दरवाजा हिरवा, खिडक्या हिरव्या, दारासमोरच्या क्रूसाचा चौथरा पांढराशुभ्र. पायरीवर पाय ठेवला तर रंग अजून किंचित चिकटत होता. पडवीत पाचसहा बाया बसल्या होत्या आणि खुर्चीवर शेजारचा दुमिंग. हा पास्कूबरोबर वाढलेला, आणि घड्याळाच्या थट्टेत सगळ्यांच्या पुढे असणारा. अंतोन मुंबईहून आला होता आणि सगळ्यांना चहा देत होता.

मावशीनं बशी आणली. बशीवर भरतकाम केलेला रुमाल. तिनं तो उचलला आणि मला समजायला क्षणभर लागला.

घड्याळ पांढरंफेक होतं. चार आणि पाच यांच्यामध्ये काही नव्हतं. साय नव्हती, डाग नव्हता. काळे कुळकुळीत आकडे, जाड, पाय पसरून बसलेले.

“अंतोननं मुंबईशी रंगवून आनला,” मावशी म्हणाली. “घर रंगवला, चौथरा रंगवला, मंग म्हटला ह्यालाच कशाला तसा ठेवायचा? तुज्या हातात द्यायचा तर नीट द्यायला पायजे.” मग माझ्याकडे झुकून, विश्वासानं म्हणाली, “हरीकाका बोललेला ना, डागाला हात लावू नका. नाय लावला. बघ, चेन हाय तशी हाय. अंतोनला म्हटला, चेन हितंच काढून ठेव, दुकानात न्यायचीच नाय.”

डाग. आपण दागिन्यालाही डागच म्हणतो. लग्नात मुलीच्या अंगावर किती डाग घातले ते विचारतो. पापडीच्या बाजारात हरीकाकांनी ठिपक्याबद्दल सांगितलं आणि फिलूमावशीनं सोन्याच्या पाण्याची चेन जपून ठेवली. तिचं काही चुकलं नव्हतं. घड्याळात एकच डाग होता असं तिला वाटलं आणि तो तिनं सांभाळला.

मी भिंग डोळ्याला लावलं. खरं तर गरज नव्हती, पण मला चेहरा लपवायला काहीतरी हवं होतं. देशाचं नाव गाळलेलं. वर्तुळातली कोरीव रेघ रंगाखाली बुजलेली. आणि सेकंदाच्या खुणांचं नवं वर्तुळ काट्याच्या आसाभोवती मधोमध बसलेलंच नव्हतं, तांदळाच्या कणीएवढं खाली सरकलं होतं. काटा वर गेला की वर्तुळाबाहेर डोकवायचा आणि खाली आला की आतच राहायचा. मला नाडी मोजायला घड्याळ हवं होतं आणि त्याचा नेमका तोच भाग बिघडला होता.

“काय पोरी,” दुमिंग म्हणाला, “खरा का खोटा? बोल की.”

बायांनी कप खाली ठेवले. अंतोन कपांचं ताट धरून दारात उभा राहिला. फिलूमावशी माझ्याकडे बघत नव्हती, क्रूसाकडे बघत होती. मला वाटलं, आत्ता या बाईला मी काय सांगू? तिनं तर मला आधीच सांगून ठेवलं होतं, खोटं असेल तर मला सांग. मी फार सरळ मुलगी होते. सरळपणाचा मला थोडा गर्वही होता.

“खरं आहे,” मी म्हणाले. “स्वित्झर्लंडचं आहे. आत सतरा ज्वेलचं मशीन आहे, मी स्वतः उघडलेलं बघितलंय. पास्कूकाकांना कुणी फसवलं नाही.”

यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि तरी बोलताना माझे कान तापले.

दुमिंगनं भिंग मागितलं. आता संपलं, असं मला वाटलं. त्यानं ते उलटं धरलं, मग सुलटं धरलं, बराच वेळ डायलकडे बघितलं आणि भिंग मला परत दिलं.

“साफ हाय,” तो म्हणाला. “खोट्याला येवढी चमक नसते. पास्कू बोलायचा ते खरा व्हता तर.” मग त्यानं खुर्चीवरून उठून क्रूसासमोर कपाळ, छाती, खांदे असा हात फिरवला. सगळ्या बायांनी फिरवला. फिलूमावशी आत चहाचं आधण बघायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आम्ही परत निघालो. किल्ल्याजवळच्या वडाखाली आम्ही एसटीची वाट बघत होतो. मीच सांगितलं, डायल रंगवलेली आहे, चुकीची रंगवलेली आहे. फसवलं जाण्याची जन्मभर धास्ती घेतलेल्या माझ्या वडिलांनी माझ्या मनगटाकडे बघितलं.

“तुला तिथं कळलं होतं?”

“हो.”

“आणि तरी घेतलंस?”

“हो.”

“बरं केलंस,” ते म्हणाले, आणि एसटी येते का ते बघायला रस्त्यापर्यंत गेले.

हरीकाकांना दाखवलं तेव्हा ते माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. घड्याळ त्यांनी उन्हात तिरपं धरलं. मग म्हणाले, “मी डाग म्हणालो. ठिपका म्हणायला हवं होतं.” त्यानंतर कित्येक वर्षं मी त्यांच्याकडे जात होते, पण त्यांच्या तोंडून ‘डाग’ हा शब्द पुन्हा ऐकला नाही.

त्यांनी आपल्या मोठ्या घड्याळाशी माझा सेकंदकाटा ताडून बघितला. वरून निघालेला काटा पंधराच्या खुणेवर पोचायला सतरा सेकंद घेत होता. तीसच्या खुणेवर हिशेब जुळत होता, पंचेचाळीसवर परत बिघडत होता, आणि साठवर पुन्हा बरोबर. “काटा बरोबर चालतो, खुणा चुकल्यात,” ते म्हणाले. “तू पाव मिनिटावर जाऊ नकोस. पूर्ण मिनिट मोजत जा. एका फेरीला मिनिटच लागतं, त्यात रंगाऱ्याला काही करता येत नाही.”

मी तसंच केलं. वॉर्डात इतर मुली पंधरा सेकंद मोजून चारनं गुणत आणि पुढच्या खाटेकडे जात. मी पूर्ण मिनिट उभी. आमच्या ट्यूटर सिस्टर मला ‘सावकाशबाई’ म्हणायच्या. सगळ्यांची फेरी संपायची तेव्हा माझ्या दोन खाटा उरलेल्या असत. सुरुवातीला मला फार लाज वाटायची. कारण सांगता येत नव्हतं, आणि घड्याळ बदलायचं मनात आलं की दुमिंगनं क्रूसासमोर फिरवलेला हात आठवायचा.

मग मिनिटाची सवय लागली. मिनिट फार मोठं असतं, हे ज्यानं कुणाचा हात धरून ते मोजलंय त्यालाच कळतं. पहिले काही सेकंद माणूस आपल्याकडे बघत असतो. मग छताकडे बघतो. तीसच्या पुढे त्याचा हात सैल पडतो. पन्नासच्या आसपास कुणीकुणी बोलायला लागतं, डॉक्टरांना न सांगितलेलं काहीतरी, आणि मला मान हलवून आकडा धरून ठेवावा लागतो. एखादा ठोका मध्येच चुकतो, तो पाव मिनिटात सापडतोच असं नाही. हे कौशल्य आहे असं नंतर लोक म्हणाले. त्यांना मी कधी खरं कारण सांगितलं नाही.

हरीकाकांनी पुढे एकदा कुठूनशी एक मूळ डायल मिळवली होती, अगदी तशीच, सायीच्या रंगाची. बसवून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. ती दुसऱ्या कुणाच्या तरी घड्याळाची असणार. माझ्या मनगटावरचा रंगवलेला चेहराही एव्हाना कडेनं पिवळा पडायला लागला होता. खोट्यालाही वय होतं, हे मला तेव्हा कळलं. भाचा म्हणतो, आत्या, अजूनही बदल, किंमत वाढेल. मी त्याला म्हणते, तू तुझी घड्याळं बघ.

अंतोन दर नाताळाला आमच्याकडे केक आणि करंज्यांचा डबा घेऊन यायचा. माझ्या हाताकडे बघून विचारायचा, चालतंय ना बाबांचं घड्याळ? मी हो म्हणायचे. गेल्या वर्षी अंतोन गेला, म्हणून आता पुढचं लिहायला हरकत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी वसईतल्याच एका दवाखान्यात होते, तेव्हा फिलूमावशी दम्यानं तिथं आली. नोव्हेंबर होता. दुपारी उन्हं तिच्या खाटेवर यायची. मी तिची नाडी मोजायला बसले आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

“येवढा वेल लागतो?” ती म्हणाली. “दुसऱ्या पोरी कशा पटकन सोडतात.”

मला ते आणखी धरवेना. दहा वर्षं माझ्या मनात ते बसलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. डाग म्हणजे हरीकाकांना काय म्हणायचं होतं ते सांगितलं, डायल रंगवल्यानं काय गेलं ते सांगितलं, खुणा चुकल्यात म्हणून मी मिनिटभर हात धरते तेही सांगितलं. “तुम्ही म्हणाला होतात, खोटं असेल तर सांग. मी सांगितलं नाही,” मी म्हणाले.

तिनं मान वळवून दाराकडे बघितलं. अंतोन औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेला होता, तो अजून आला नव्हता.

“पंदरा वर्सं रोज चावी दिली मी त्याला,” ती हळू म्हणाली. “त्याचा तोंड बदललेला माला नाय कलनार? अंतोननं कागद सोडला तवाच बघितला. हरीकाका काय बोललेला तेबी तवाच ध्यानात आला. पन त्याचा पयला पगार व्हता. सगला त्यातच घातलेला पोरानं. येवढा खूश व्हता.” तिला धाप लागली. थांबून ती म्हणाली, “त्या दिवशी माला भीती व्हती, तू त्याच्या समोर काय बोलतंस.”

जिन्यावर अंतोनच्या चपला वाजल्या.

“त्याला सांगू नको,” मावशी म्हणाली, आणि हात पुन्हा माझ्यापुढे केला. “आता परत मोज. बोलन्यात आकडा गेला तुजा.”

आकडा खरंच गेला होता. मी तिचं मनगट धरलं, काटा वर येऊ दिला आणि एकपासून मोजायला लागले.